हक्कसोडपत्र इतके सोपे का असावे?

वडील गेल्यानंतर सातबाऱ्यावर नावे लावण्याचा एक क्रम सातारा आणि सांगली जिल्ह्यांत इतका रुळून गेला आहे की त्यात काही वावगे आहे असे सहसा कुणाला वाटत नाही. दहावा-तेरावा उरकतो, मृत्यूचा दाखला हाती येतो, वारसनोंदीचा अर्ज होतो आणि यादीत बहिणींची नावे लिहावीच लागतात म्हणून ती लिहिली जातात. पुढच्या काही महिन्यांत, बऱ्याचदा वर्षश्राद्धाला सगळे जमलेलेच आहेत या सोयीने, बहिणींना तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते. येताना आधार कार्ड घेऊन ये, एवढेच त्यांना फोनवर सांगितलेले असते. कागद आधीच टंकलेला असतो, साक्षीदार भावकीतले असतात, फोटो आणि अंगठा घेतला जातो, आणि वडिलांच्या मिळकतीतील आपला हिस्सा आपण राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय व मोबदला न घेता भावांच्या लाभात सोडत आहोत असे त्या लिहून देतात. त्या दिवशी साडी मिळते, जेवण होते आणि संध्याकाळच्या एसटीने बहिणी सासरी परततात. या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. तो बंद करावा असे माझे म्हणणे नाही. तो आज जितका सोपा, स्वस्त आणि झटपट आहे तितका असता कामा नये, आणि तो तसा ठेवण्यात शासनाचाही हात आहे, एवढे मात्र मला ठामपणे म्हणायचे आहे.

मुळात हा हक्क स्त्रियांच्या पदरात पडायला किती वर्षे लागली हे पाहिले म्हणजे तो एका दुपारी सुटतो याचे वैषम्य कळते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मुलांपुरताच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ साली, देशातले पहिले महिला धोरण ज्या वर्षी आणले त्याच वर्षी, मुलींनाही सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी, ठरवणारी दुरुस्ती केली. मात्र २२ जून १९९४ पूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुली बाहेर राहिल्या. म्हणजे एकाच घरातल्या थोरल्या बहिणीला हक्क नाही आणि धाकटीला आहे, अशी स्थिती झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढला आणि वडिलोपार्जित राहत्या घरात वाटणी मागण्यास मुलींना असलेली आडकाठीही काढून टाकली. तरीही वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत की नाही यावर न्यायालयांत पंधरा वर्षे उलटसुलट निकाल येत राहिले. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही, असा निर्वाळा दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या कायम राहिल्या. कायद्याच्या बाजूने विचार केला तर प्रश्न जवळपास सुटला. सांगलीतल्या जैन शेतकरी कुटुंबांनाही हाच कायदा लागू होतो, ही गोष्ट अनेकांना आजही माहीत नसते. मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत मात्र १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळली गेल्यामुळे गुंता वेगळा आहे, आणि त्याचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा.

कायदा पुढे गेला तरी दप्तर मागेच राहिले. जुने सातबारे पाहिले तर कब्जेदाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, सदरी भावांची नावे आणि आई व बहिणी ‘इतर हक्कात’, अशी विभागणी कितीतरी गावांत दिसते. जिथे विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट आणि सोसायटीचा बोजा लिहायचा त्या रकान्यात पोटच्या मुली. काही उताऱ्यांवर थोरल्या भावापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे असतात, म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि त्या तीन अक्षरांच्या आड किती जणांचे, विशेषतः किती जणींचे हिस्से आहेत याचा उताऱ्यावरून काही पत्ता लागत नाही. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, महसुली नोंद ही मुख्यतः सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. परंतु गावात बँकेपासून कारखान्यापर्यंत सगळे व्यवहार उताऱ्यावर चालतात, आणि जिचे नाव उताऱ्यावर नाही ती त्या सगळ्या व्यवहारांच्या बाहेर पडते.

या बाहेर पडण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण जमिनीच्या हक्काची चर्चा अनेकदा केवळ मालमत्तेची चर्चा समजली जाते आणि कष्टाचा मुद्दा त्यातून निसटतो. कृष्णाकाठच्या उसात लावणीपासून भांगलणीपर्यंत, तासगावच्या द्राक्षबागेत विरळणीपासून पेटी भरण्यापर्यंत आणि हळदीत तर काढणीपासून शिजवून वाळवेपर्यंत बायकांचे हात लागतात. देशातल्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया शेतीत आहेत असे केंद्राची श्रमबल पाहणी सांगते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र वहिवाटदार म्हणून स्त्रियांची नोंद असलेली खाती जेमतेम १४ टक्क्यांच्या आसपास होती. या दोन आकड्यांमधले अंतर हीच आपल्या शेतीची खरी मांडणी आहे. उतारा नाही म्हणून विकास सोसायटीचे पीककर्ज नाही, पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे आणखी ६,००० नाहीत, कारखान्याकडे उसाची नोंद आपल्या नावे नाही आणि म्हणून बिलाची रक्कम आपल्या खात्यात नाही. सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात, परंतु ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर नावावर ऊस, आणि नावावर ऊस हवा तर नावावर रान हवे. त्यामुळे त्या दोन जागांवर कोण येते हे पाहण्यासाठी फार अभ्यास लागत नाही. ज्या भागाने सहकाराच्या बळावर राज्याचे राजकारण घडवले त्या भागात सहकाराचा मतदार मुख्यत्वे पुरुष राहिला, याचे मूळ सातबाऱ्यात आहे.

हे सर्व बहिणींना कळत नाही असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांना कळते. मग त्या सही का करतात? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही, ते प्रेमात आहे, आणि या प्रश्नाची खरी गाठही तिथेच आहे. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईला स्वतःचे म्हणता येईल असे एकच ठिकाण असते, ते म्हणजे माहेर, आणि वडिलांच्या पश्चात माहेर म्हणजे भाऊ. सासरी भांडण झाले, नवऱ्याने हात उगारला, आजारपण आले, मुलीच्या लग्नाला मामा उभा राहायला हवा असेल, तर हाक भावालाच घालायची असते. ‘आक्का, तेवढी सही करून जा’ हे वाक्य तो काही दरडावून म्हणत नाही. बहुतेक वेळा मायेने, थोड्या संकोचाने म्हणतो. पण त्या वाक्यामागे न बोललेले एक दुसरे वाक्य उभे असते, की सही केली नाहीस तर इथून पुढे तू आमच्यासाठी कोण? भाऊबीजेला बोलावणे येईल का, वहिनी दारात तोंड भरून बोलेल का, आईला भेटायला येता येईल का, या प्रश्नांसमोर चाळीस गुंठे फिके पडतात. आणि गावात जी बहीण वाटणी मागते तिच्याबद्दल पारावर काय बोलले जाते ते तिने लहानपणापासून ऐकलेले असते. भावाच्या ताटातले ओढले, याहून मोठा आरोप तिच्यावर दुसरा नसतो.

या प्रेमाची चेष्टा मला करायची नाही. भाऊ-बहिणीची माया आपल्याकडे खरी आहे, आणि कितीतरी भाऊ अडीअडचणीला बहिणीच्या पाठीशी जन्मभर उभे राहतात. प्रश्न असा आहे की ज्या मायेसाठी एकीलाच दरवेळी किंमत मोजावी लागते आणि दुसऱ्याला कधीच नाही, तिला राजीखुशी म्हणता येईल का? एखाद्या भावाने दुसऱ्या भावासाठी आपला हिस्सा मोबदल्याशिवाय सोडला तर तालुकाभर त्याचे नाव होते. बहिणीने सोडला तर त्याची कुणी दखलही घेत नाही, कारण ते गृहीतच धरलेले असते. जे गृहीत धरले जाते त्याला दान म्हणता येत नाही, मग कागदावर ‘राजीखुशीने’ कितीही वेळा लिहिलेले असो. खरी राजीखुशी ओळखायची तर ‘नाही’ म्हणण्याची मुभा तिला होती का, एवढेच विचारावे लागते.

रकमेचाही एकदा हिशेब मांडून पाहावा. वडिलांची स्वकष्टार्जित चार एकर बागायत असेल आणि मागे आई, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर मृत्युपत्र नसताना चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा, म्हणजे मुलीला एक एकर येते. एकरी पन्नास टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले तर त्या एकराचे बिल दीड लाख होते. मशागत, खते, पाणीपट्टी आणि मजुरी वजा जाता निम्मे उरले तरी ती रक्कम दरवर्षी येणारी आहे. जुलै २०२४ पासून राज्य शासन पात्र स्त्रियांना महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये देत आहे, आणि त्या पैशांनी अनेक घरांत बाईच्या हाती पहिल्यांदा स्वतःची रक्कम आली हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच स्त्रीच्या नावावर शेत असेल आणि तिला शेतकरी योजनांचे वर्षाचे १२,००० मिळत असतील, तर तिचे महिन्याचे १,५०० कमी होऊन ५०० होतात. शेतकरी म्हणून तिची नोंद झाली की अनुदान घटते आणि नोंद नसली की पूर्ण मिळते, असा हा उफराटा प्रकार आहे. हक्काची जमीन भावाकडे राहू द्यायची आणि तिच्या खात्यात दरमहा हप्ता टाकायचा, ही सगळ्याच पक्षांना सोयीची व्यवस्था आहे, कारण तीत कुणालाच कुणाच्या घरात वाद लावावा लागत नाही.

विरोधात जे बोलले जाते त्यात सर्वांत वजनदार मुद्दा तुकड्यांचा आहे. आधीच जमिनी गुंठ्यांवर आल्या, त्यात बहिणींचे वाटे काढले तर कसणार काय, असे शेतकरी विचारतो आणि त्याचा प्रश्न खोटा नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तो याच काळजीतून आला. पण हा मुद्दा दोन भावांच्या वाटणीत कुणी काढत नाही, तिसऱ्या आणि चौथ्या भावाच्या वेळीही काढत नाही. जमीन तुकड्यांत जाते याची आठवण नेमकी बहिणीच्या हिश्श्यापाशी होते. शिवाय नाव लागणे आणि बांध घालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सामाईक खात्यावर चौघांची नावे हिश्श्यांसह राहू शकतात, भाऊ कसत राहू शकतो आणि बहिणीला वर्षाचा खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, किंवा बिलातला वाटा देऊ शकतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या भावाचे रान गावातला भाऊ कसतो तेव्हा हेच होते, आणि त्या शहरातल्या भावाकडून हक्कसोडपत्र घ्यावे असे कुणाच्या मनातही येत नाही.

लग्नात दिले की, हा दुसरा युक्तिवाद. लग्नात जे दिले ते कुणाला दिले? मांडव, जेवणावळी, मानपान, सासरच्यांचे कपडे, जावयाची अंगठी. यातले मुलीच्या हाती तिच्या नावाने काय राहिले याचा हिशेब घातला तर थोडेफार सोने सोडून फारसे काही निघत नाही, आणि ते सोनेही पुढे सासरच्या अडचणीत गहाण पडते. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे; गुन्ह्याची रक्कम हक्कातून वळती करून घेण्याचा हा प्रकार विचित्रच म्हटला पाहिजे. मुलांच्या शिक्षणाला, धंद्याला, घराला वडिलांनी जे घातले ते मात्र त्यांच्या हिश्श्यातून कधी वजा होत नाही.

तिसरा मुद्दा दाजींचा. बहीण मागत नाही, दाजी मागायला लावतात, आणि जमीन परक्या घरात जाते, असे म्हणतात. हे अनेक ठिकाणी खरेही आहे. बायकोला पुढे करून सासऱ्याच्या रानावर डोळा ठेवणारे जावई आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. पण त्यावर उपाय बहिणीचे नाव उडवणे हा नाही, तिचे नाव पक्के करणे हा आहे. १९५६ च्या कायद्यानेच हिंदू स्त्रीच्या नावावरची मिळकत तिची पूर्ण मालकीची ठरवली आहे. नवऱ्याला त्या मिळकतीवर हक्क सांगता येत नाही. इतकेच नव्हे, आईवडिलांकडून आलेली मिळकत असलेली स्त्री मुलेबाळे नसताना मृत्युपत्र न करता वारली, तर ती मिळकत नवऱ्याकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. परक्या घराची भीती घालणाऱ्यांनी हे कलम कधी वाचलेले नसते.

आणि सासरी तिला मिळतेच की, हे म्हणणे तर सरळसरळ चुकीचे आहे. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या जमिनीत बायकोला मालकी हक्क नसतो. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्तीची योजना शासनाने १९९२ मध्ये आणली. तिच्यामागे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चालवलेली मोहीम होती, आणि त्या मोहिमेतून अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमीन केली. परंतु ती योजना नवऱ्याच्या इच्छेवर चालते. म्हणजे माहेरी भावाच्या मर्जीवर आणि सासरी नवऱ्याच्या मर्जीवर, अशी तिची दोन्हीकडून सोय लावलेली आहे.

ही मर्जी फिरली की काय होते, ते टाकलेल्या बायकांच्या वाट्याला आलेल्या आयुष्यावरून कळते. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुमती पाटणकर, ज्यांनी तरुणपणी ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यात काम केले होते, त्यांनी पुढे याच भागात परित्यक्ता स्त्रियांना संघटित केले. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी येते तेव्हा ती आश्रित असते. सकाळपासून रात्रीपर्यंत भावाच्या रानात राबते, पण तिथे तिचे असे काही नसते, शिधापत्रिकेवरही ती कुणाची तरी बहीण म्हणून असते. त्या चळवळीने हा प्रश्न दयेचा न ठेवता जगण्याच्या साधनांचा केला. याच बाईने जर दहा वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही केली असेल, तर आज ती ज्या घरात एका खोलीसाठी ओशाळी होऊन राहते त्या घराची ती एकेकाळी कायद्याने वाटेकरी होती. सही झाली तेव्हा तिचा संसार सुखाचा होता. संसार मोडेल हे तिला कुठून कळणार होते? हक्कसोडपत्र एकदा नोंदवले की ते फसवणुकीने किंवा दडपणाने झाले हे तिनेच सिद्ध करायचे, तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या मुदतीत, आणि दडपण म्हणून पुरावा काय द्यायचा, तर भावाचा मायेचा स्वर.

स्वतःच्या पसंतीने लग्न करणाऱ्या मुलींच्या बाबतीत हीच जमीन धाक म्हणून वापरली जाते. ‘सातबाऱ्यावरून नाव काढून टाकीन’ असे बाप म्हणतो, आणि मुलीला ते खरे वाटते. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जन्माने येतो, तो कुणाशी लग्न केले यावरून जात नाही. स्वकष्टार्जित मिळकत बाप मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, हे खरे. एवढेच काय, वडिलोपार्जित मिळकतीतला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो, आणि २०२० च्या निकालानंतर मुलांच्या नावे मृत्युपत्र करून ठेवण्याकडे ओढा वाढलेला दिसतो. हक्कसोडपत्राचा दरवाजा अरुंद केला तर मृत्युपत्राचा रुंद होईल, ही शंका मला आहे. पण मृत्युपत्राने बाप आपले देतो. हक्कसोडपत्राने बहिणीकडून तिचे घेतले जाते. दोन्हींतला हा फरक लहान नाही.

सुधारणेची परंपरा या मुलखाला नवी नाही. १९४३ ते १९४६ या काळात सातारच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे चालवली, सावकारी आणि दारूशी झगडा घेतला, आणि थोडक्या खर्चात गांधीविवाह लावले. पुढे खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडी या गावांच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधले, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता सर्वांना, भूमिहीनांनाही, समन्यायाने द्यायचे हे तत्त्व त्यांनी मांडले. त्या काळी ही कल्पना वेडेपणाची वाटली असेल. पुढे कृष्णा खोऱ्यातल्या पाणी चळवळीचे ते मुख्य सूत्र झाले. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून सोडवून पाहण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना बहिणीचे नाव कब्जेदाराच्या सदरी लावणे जड का जावे? कारण सरळ आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोचले, माळरानावर ऊस आणि द्राक्षे उभी राहिली, आणि ज्या रानाला पूर्वी कुणी विचारत नव्हते त्याला भाव आला. भाव आला की माया कागदावर आणावीशी वाटते. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या रुंदीकरणात किंवा मिरजेवरून जाणाऱ्या रत्नागिरी-नागपूर महामार्गात जमीन गेली तेव्हा मोबदल्यासाठी सर्व वारसांच्या सह्या लागल्या, आणि वर्षानुवर्षे विसर पडलेल्या आत्या आणि बहिणी अनेक घरांना अचानक आठवल्या.

२०२२ साली शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्यात शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. सातारा-सांगलीच्या गावांनीही तसे ठराव केले, आणि ते चांगलेच झाले. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, हे ठराव करायला गावाला काही खर्च येत नाही. त्याच विधवेचे नाव नवऱ्याच्या जागी महिन्याभरात उताऱ्यावर लागेल आणि दीर ते अडवणार नाहीत, असा ठराव करायला मात्र ग्रामसभा धजत नाही.

आता करायचे काय? माझ्या मते मुख्य बदल क्रमात हवा. आज अनेकदा वारसनोंद आणि हक्कसोड एकाच दमात होतात, किंबहुना हक्कसोड होणार हे ठरलेले असल्यामुळे बहिणीचे नाव मालक म्हणून एकदाही उताऱ्यावर येत नाही. आधी सर्व वारसांची नावे हिश्श्यांसह कब्जेदाराच्या सदरी लागली पाहिजेत, ‘इतर हक्कात’ नव्हे. आणि त्यानंतर किमान एक वर्ष लोटल्याशिवाय त्या हिश्श्याचे बिनमोबदला हक्कसोडपत्र नोंदवले जाऊ नये. एक वर्ष म्हणजे एक हंगाम. त्या हंगामात ती मालक असते, सोसायटीचा कागद तिच्या नावे येतो, खंड मागण्याचा तिचा अधिकार असतो, आणि घरातल्यांनाही तिला त्या जागी पाहण्याची सवय लागते. ज्या बहिणीला गरीब भावासाठी खरोखरच हिस्सा सोडायचा आहे ती वर्षाने सोडेल. तिच्या औदार्याला कुणी आडवे येणार नाही, उलट ते औदार्य आहे हे तेव्हाच दिसेल.

या बदलासाठी विधिमंडळाकडे जावे लागेल आणि तिथे बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी हक्कसोडपत्रे झाली आहेत याचा अंदाज कुणालाही करता येईल, म्हणून लगेच काही होईल अशी आशा मी बाळगत नाही. पण त्याच्या आधी एक साधी गोष्ट नोंदणी विभागाला परिपत्रकाने करता यावी. आज हक्कसोडपत्रात गट नंबर आणि चतुःसीमा असतात, मुद्रांक नाममात्र असतो, आणि सोडणारीला आपण नेमके किती सोडतो आहोत हे अनेकदा कळतही नाही. दस्तात तिच्या वाट्याचे गुंठे, त्यांची त्या वर्षीच्या रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे शासनाच्या जमीन-दरपत्रकाप्रमाणे, रुपयांत किंमत आणि कायद्याने तिला हा हिस्सा न सोडण्याचाही अधिकार आहे हे वाक्य मराठीत ठळक लिहिलेले असावे, आणि दुय्यम निबंधकाने भावांना व साक्षीदारांना बाहेर थांबवून ते तिला एकटीला वाचून दाखवावे. दस्त नोंदवताना तो आपणच करून दिला का हे विचारणे आजही निबंधकाचे काम आहे. ते सगळ्यांच्या देखत, मान डोलावण्यावर भागवले जाते. दहा मिनिटांचे हे काम आहे. त्यानंतरही ती सही करत असेल तर करू द्यावी, आणि नसेल तर तिला घरी पोचवायला भावाखेरीज कुणी बाहेर थांबलेले आहे की नाही याचीही चौकशी त्याच वेळी व्हावी.